पदार्थविज्ञानाचे पुस्तक आणि बंगळूर

नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात बिऱ्हाड करून राहणाऱ्या मराठी कुटुंबांत काही वस्तु हटकून आढळतात. गोड्या मसाल्याचा डबा, देव्हाऱ्यातील टाक, दिवाळी अंकांची चळत आणि मुलांच्या क्रमिक पुस्तकांचे कपाट. यांपैकी पहिल्या तिन्ही वस्तु मराठी राहतात. चौथी मात्र जेथे बदली होईल तेथील भाषेची किंवा इंग्रजीची असते. मुले आठवी-नववीत गेली की या कपाटात पदार्थविज्ञानाचे पुस्तक येऊन दाखल होते. त्याचा क्रम बहुधा ठरलेला. आरंभी मापन, मग गति व बल, मग कार्य व ऊर्जा, पुढे उष्णता, ध्वनि, प्रकाश, विद्युत्, आणि वर्षाच्या अखेरीस, परीक्षा तोंडावर आली असता घाईघाईने उरकावयाचा किरणोत्सर्ग.

या पुस्तकात नावे येतात ती गॅलिलिओ, न्यूटन, ज्यूल, फॅरडे आणि क्यूरी यांची. ती यावयासच हवीत. परंतु ती एवढीच आली म्हणजे मुलांच्या मनात नकळत अशी समजूत घर करते की, हे शास्त्र दूर कोठे तरी घडले आणि आपल्या वाट्याला त्याचे फक्त पाठांतर आले. बंगळूरपुरते बोलावयाचे तर ही समजूत अगदीच चुकीची आहे. या नगरीत आणि तिच्या आसपासच्या शे-दीडशे किलोमीटरांच्या टापूत शालेय पदार्थविज्ञानातील जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला स्वतःचे असे ठिकाण आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे गाव म्हणून आपण मराठी माणसे बंगळूरशी नाते सांगतो, ते योग्यच आहे. पण या दुसऱ्या नात्याकडेही आपले लक्ष जावे, एवढ्याच हेतूने पुढील चार शब्द लिहीत आहोत. त्यात आणखी एक मौज आहे. हा इतिहास ज्यांनी घडविला त्यांतील बरेचजण आपल्या वाचकांसारखेच, म्हणजे बदलीने किंवा नोकरीने परगावी येऊन राहिलेले होते.

पहिले प्रकरण मापनाचे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचे राज्य संपुष्टात आले. त्या मोहिमेत असलेल्या विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, जिंकलेला मुलूख त्रिकोणांच्या जाळ्याने मोजावा आणि त्याबरोबर पृथ्वीच्या आकाराचाही निर्णय लावावा, अशी योजना मांडली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे आपण शाळेत शिकतो. पण ती पहिली बाजू जमिनीवर प्रत्यक्षच मोजावी लागते. तिला आधाररेषा म्हणतात. अशी आधाररेषा लॅम्ब्टनने १८०० सालच्या अखेरीस बंगळूरजवळ मोजली. मोजण्याचे साधन म्हणजे शंभर फूट लांबीची पोलादी साखळी. ही साखळी चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून नेलेली, पण तेथे न स्वीकारल्यामुळे परत आलेली होती. पुढे १८०२ साली मद्रासेस दुसरी आधाररेषा मोजून मोठ्या सर्वेक्षणाला आरंभ झाला, आणि त्रिकोणांची रांग पश्चिमेकडे सरकत १८०४ साली पुन्हा बंगळूरला पोचली. तेथे पडताळ्यासाठी जॉन वॉरन या मदतनिसाने नवी आधाररेषा मोजली. मद्रासहून गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत सात मैलांहून अधिक अंतरात फरक पडला तो अवघा ३.७ इंचांचा.

हा आकडा नुसता कौतुक करून सोडून देण्याजोगा नाही. उष्णतेच्या प्रकरणात प्रसरणाचा नियम येतो. पोलादाचे तपमान एक अंश सेल्सियसने वाढले तर त्याची लांबी लाखात सुमारे सव्वा भागाने वाढते. सात मैलांच्या हिशेबात ही वाढ सुमारे तेरा सेंटिमीटर, म्हणजे पाच इंच होते. याचा अर्थ असा की, साखळीच्या तपमानात केवळ एका अंशाची गफलत झाली असती तरी ती वॉरनला आढळलेल्या एकंदर फरकापेक्षा मोठी ठरली असती. म्हणूनच ती साखळी उघड्या जमिनीवर न टाकता तिवईवर बसविलेल्या लाकडी पेट्यांत ठेवीत आणि तिच्याजवळ तापमापके मांडून प्रत्येक वेळची नोंद घेत. सकाळची बंगळुरी थंडी आणि दुपारचे ऊन यांतील फरक त्यांना इंचाइंचाने मोजावा लागला. आपल्या मुलांना ‘धातू तापविला असता प्रसरण पावतो’ हे वाक्य एका गुणासाठी पाठ करावे लागते. त्याच वाक्यावर एका उपखंडाचा नकाशा उभा राहिला आहे.

लॅम्ब्टनची कहाणी आपल्याकडेच येऊन संपते. दक्षिणेतून वर सरकत सरकत, आपले ठाणे नागपुरास हलविण्यासाठी जात असता, २० जानेवारी १८२३ रोजी वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे तो मरण पावला, आणि तेथेच त्याला पुरले. ज्याने पृथ्वीचा आकार मोजण्याचे काम बंगळूरला हाती घेतले, त्याची कबर वऱ्हाड-नागपूरच्या वाटेवर आहे, हे फार थोड्या मराठी माणसांस ठाऊक असेल.

गतीच्या प्रकरणातही याच मंडळींपैकी एकाचे नाव येते. लॅम्ब्टनच्या हाताखाली हेन्री केटर नावाचा तरुण अधिकारी होता. प्रकृति ढासळल्यामुळे त्याला मायदेशी परतावे लागले. तेथे त्याने १८१७ साली उलटसुलट टांगता येणारा लंबक तयार केला. गुरुत्वाकर्षणामुळे येणारे त्वरण काटेकोर मोजण्याचे ते साधन आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही ‘केटरचा लंबक’ म्हणून ओळखले जाते. ज्यांनी विज्ञान शाखेत एखादे वर्ष काढले आहे, त्यांना त्याची आंदोलने मोजताना लागलेली डुलकीही आठवत असेल. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि मद्रास जवळजवळ त्याच अक्षांशावर, पण समुद्रकाठी. एखादे लंबकाचे घड्याळ मद्रासेस बिनचूक लावून बंगळूरला आणले, तर ते दिवसाकाठी दहाएक सेकंद मागे पडेल. कारण पृथ्वीच्या मध्यापासून दूर गेल्यामुळे लंबकावरील ओढ किंचित उणी होते. त्याच उंचीमुळे येथे हवेचा दाब कमी असतो. पारा ७६० ऐवजी ६८० मिलिमीटरांच्या आसपास राहतो आणि पाणी शंभराऐवजी सुमारे ९७ अंशांस उकळते. किनाऱ्यावरून बदली होऊन आलेल्या गृहिणीला पातेल्यातील डाळ शिजावयास थोडा अधिक वेळ लागतो, त्याचे कारण डाळीत नसून हवेत आहे.

यानंतर ऊर्जेचे प्रकरण. बंगळूरच्या नैर्ऋत्येस शिवनसमुद्र येथे कावेरी दोन प्रवाहांनी खाली कोसळते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत तेथील पाण्यावर वीज उत्पन्न करण्याचे ठरले. शेषाद्री अय्यर १९०१ साली निवर्तले. ३० जून १९०२ रोजी वीजघर सुरू झाले. वीज जावयाची होती कोलारच्या सोन्याच्या खाणींना, सुमारे ९२ मैलांवर. इतक्या लांब वीज नेणे हे त्या काळी जगातही नवलाचे होते. ती ३५,००० व्होल्ट दाबाने नेण्यात आली. याचे कारण नववी-दहावीच्या पुस्तकात असते. तारेत उष्णतारूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीच शक्ति दसपट दाबाने नेली तर प्रवाह एक-दशांश होतो आणि नुकसान एक-शतांश. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेही याच पाण्याच्या बळावर.

येथे एक साधा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली पडले, तर त्याची स्थितिज ऊर्जा ९ लाख ८० हजार ज्यूल एवढी मोकळी होते. ती सर्वच्या सर्व विजेत उतरली असे धरले, तर तीवर साठ वॅटचा दिवा साडेचार तास जळेल. म्हणजे घरातील हजार लिटर पाण्याची एक टाकी शंभर मीटर उंचावरून ओतावी, तेव्हा एका संध्याकाळचा एका खोलीतील उजेड मिळतो. हा हिशेब एकदा केला की दिवा मालवण्याविषयी मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. खोपोलीस टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, तेव्हा सह्याद्रीच्या पाण्याने हेच मुंबईसाठी केले. त्याच मालिकेतील मुळशीच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. उंचावर पाणी अडविले की ऊर्जा साठते हे पुस्तक सांगते. ते अडविण्यासाठी कोणाची भातखाचरे बुडाली, हे इतिहासाच्या पुस्तकातून शिकावे लागते. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ऊर्जा या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे, कारण आपल्या मुलांची खरी अडचण येथे सुरू होते. आपण मराठीत बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ति या चार शब्दांना चार निरनिराळे शास्त्रीय अर्थ दिले आहेत. रोजच्या बोलण्यात मात्र ‘अंगात शक्ति नाही’, ‘अंगात बळ नाही’ ही एकच तक्रार होय. शास्त्रात शक्ति म्हणजे कार्य करण्याचा दर. कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाला ‘बल’ तेच सापडते, पण ‘शक्ति’ हा शब्द तेथे आपल्या ऊर्जेसाठी योजिला आहे, आणि आपल्या शक्तीला तेथे ‘सामर्थ्य’ म्हणतात. संस्कृताच्या एकाच कोठारातून दोघांनी शब्द उचलले आणि वेगवेगळ्या खुंट्यांना टांगले. वडील मराठीतून समजावू लागतात, मुलगा कन्नड अर्थ धरून ऐकतो, आणि परीक्षा इंग्रजीतून होते. अशा वेळी बहुतेक घरांत वडील हार खातात व शिकवणी लावली जाते. आमच्या मते हार खाण्याचे कारण नाही. उलट, एकाच कल्पनेची तीन नावे समोर आली की नाव निराळे आणि कल्पना निराळी, हे मुलाला जितके स्पष्ट दिसते, तितके एकभाषी मुलाला कधीच दिसत नाही. मात्र त्यासाठी तिन्ही नावे घरात बोलली गेली पाहिजेत.

मराठीतून हे शास्त्र सांगण्याची परंपरा आजकालची नाही. १८३० नंतरच्या दशकातच हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान व रसायन हे विषय संवादरूपाने मराठीत आणले. कुलाब्याच्या वेधशाळेत कोवळ्या वयात नोकरीस लागलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, यांनी मराठी शाळांसाठी पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजात ते टिळकांचे गुरु झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शाळामास्तरकी सांभाळून ज्योतिषशास्त्राचा इतिहास रचला. या सर्वांपाशी तयार शब्द नव्हते. ते त्यांनी घडविले. त्यांतले काही टिकले, काही गळाले. पूर्वीच्या पुस्तकांतून आजच्या बलाला ‘प्रेरणा’ म्हणत. तो शब्द शास्त्रातून निघून वाङ्मयात जाऊन राहिला.

आता प्रकाशाकडे वळू. सूर्यप्रकाश लोलकातून नेला की सप्तरंगी पट्टा दिसतो, हा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. तप्त वायूचा प्रकाश असाच फोडला तर सलग पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे होते. सूर्याच्या कडेला ग्रहणात ज्या तांबड्या ज्वाला दिसतात त्या कशाच्या, हे वर्णपटावरून ठरविण्याची ही पहिलीच संधि होती. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरला आला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील एक अधिकारी, लेफ्टनंट हर्शेल, हा मात्र जमखंडीस गेला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचे संस्थान, आपल्याच सीमेवरचे. हा हर्शेल प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचा मुलगा. ग्रहणाच्या वेळी आभाळ ढगाळ होते. तरी ढगांच्या फटीतून त्याला ज्वालांचा वर्णपट दिसला, आणि तो सलग नसून तेजस्वी रेषांचा होता. ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे गुंटूरप्रमाणेच जमखंडीसही त्या दिवशी सिद्ध झाले.

त्या रेषांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमची असावी असे प्रथम वाटले. पण इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणावाचून तिचे निरीक्षण केले आणि ती सोडियमच्या जोडरेषांपासून किंचित बाजूला आहे असे दाखविले. पृथ्वीवर माहीत नसलेल्या एका मूलद्रव्याची ती खूण होती. त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले. लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लावला अशी समजूत आपल्या कोकणात रूढ आहे. आपल्या किल्ल्याचा मान कोणाला प्रिय नाही? परंतु लॉकियर त्या वेळी विलायतेतच होते. मानच मिरवावयाचा तर जमखंडीचा मिरवावा. तो खराही आहे आणि कोणी मागितलेलाही नाही.

हेलियम पृथ्वीवर सापडला तो १८९५ साली, युरेनियम असलेल्या एका खनिजात, विल्यम रॅम्से यांना. याच रॅम्सेंना जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचविण्यास १९०० साली हिंदुस्थानात बोलावण्यात आले. त्यांनी देशभर फिरून पसंति दिली ती बंगळूरला. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्था स्थापन झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी आले. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्सेंचेच सहकारी. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हे वायू त्या दोघांनी मिळून १८९८ साली शोधलेले. तेव्हा जमखंडीच्या ढगाळ आभाळातून दिसलेल्या रेषांची वाट फिरून फिरून शेवटी मल्लेश्वरापलीकडच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’पाशी आली.

याच संस्थेत १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन् पहिले भारतीय संचालक म्हणून आले. आमच्या वाचकांना रामन् यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटण्यास एक कारण आहे. ते मूळचे हिशेबखात्यातील सरकारी अधिकारी. १९०७ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते कलकत्त्यास साहाय्यक अकौंटंट जनरल झाले. मधल्या काळात त्यांची बदली रंगूनला आणि मग आपल्या नागपूरलाही झाली होती. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर कलकत्त्याच्या एका संस्थेत जाऊन ते प्रयोग करीत. दहा वर्षे असे काढल्यावर १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुष्कळ कमी पगारावर प्राध्यापकी पत्करली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना जो परिणाम आढळला त्याचे स्वरूप थोडक्यात असे. एका रंगाचा प्रकाश द्रवातून नेला असता बाजूला विखुरणारा बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो. परंतु कोटीत एखादा प्रकाशकण रेणूशी ऊर्जेची देवघेव करतो आणि रंग बदलून बाहेर पडतो. त्या बदलावरून रेणूची अंतर्रचना कळते. हा शोध लागला कलकत्त्यास, पण त्यावरचे रामन् यांचे पहिले विस्तृत व्याख्यान झाले ते १६ मार्च १९२८ रोजी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४८ साली त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था बंगळूरलाच उभारली आणि १९७० साली येथेच देह ठेवला.

मोठ्या माणसाचे सगळेच मोठे असते असे नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम प्रकारे मिळविलेली कमला भागवत ही मराठी मुलगी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागावयास आली. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेतून शिकून गेलेले. रामन् यांनी ती स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव प्रवेश नाकारला. मुलीने नकार मुकाट्याने घेतला नाही. गांधीजींनी शिकविलेले हत्यार तिने उपसले, आणि प्रवेश मिळेपर्यंत हटली नाही. तो मिळाला तोही एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर. तिच्या कामाने अखेर रामन् यांचे मत पालटले आणि मागून येणाऱ्या मुलींना तो दरवाजा उघडा झाला. पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या कमला सोहोनी या नावाने विख्यात झाल्या. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. ज्या घरात मुलीच्या पुढ्यात पदार्थविज्ञानाचे पुस्तक आहे, तेथे ही हकीकत त्या पुस्तकातील कोणत्याही नियमाइतकीच सांगण्याजोगी आहे.

राहिले शेवटचे, घाईत उरकले जाणारे प्रकरण. १८९६ साली बेकेरेल यांना युरेनियमपासून आपोआप निघणारे किरण आढळले. १८९८ साली क्यूरी दांपत्याने पोलोनियम व रेडियम शोधले. १९०३ साली रॅम्से आणि सॉडी यांनी दाखविले की रेडियमपासून हेलियम उत्पन्न होतो. पुढे रदरफोर्ड यांनी सिद्ध केले की आल्फा-कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्रच होय. सूर्यावर दिसलेला तो वायू युरेनियमच्या खनिजातच का सापडला, याचा उलगडा असा झाला.

अर्धायुष्य ही कल्पना मुलांना अवघड जाते. घरी शंभर नाणी घ्यावी, उधळावी, छापा पडलेली बाजूला काढावी आणि उरलेली पुन्हा उधळावी. दर खेपेस सुमारे निम्मी उरतात. कोणते नाणे केव्हा जाईल हे सांगता येत नाही, पण किती जातील ते सांगता येते. एवढे झाल्यावर मुलांना लालबागेतील त्या मोठ्या खडकावर घेऊन जावे. रविवारी हजारो लोक त्यावर चढतात. त्या खडकाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे, आणि असले वय भूशास्त्रज्ञ काढतात ते किरणोत्सर्गाच्याच घड्याळाने. युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. तेव्हा खडक घट्ट झाला त्या वेळी त्यात जेवढे युरेनियम होते, त्यातील शेकडा सुमारे ६३ भाग आज शिल्लक असावयाचे आणि उरलेल्याचे शिसे झालेले असावयाचे. दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते.

किरणोत्सर्गात एक मोठा पेच निघाला होता. तो आपल्या हिशेबखात्यातील बंधूंना चटकन उमजेल. बीटा-किरण बाहेर पडताना जमा-खर्च जुळेना. अणुकेंद्रातून जेवढी ऊर्जा गेली तेवढी बाहेर सापडेना. ऊर्जा अक्षय्य आहे हा नियमच सोडावा की काय, असे काही थोर शास्त्रज्ञांना वाटू लागले. १९३० साली पाउली यांनी सुचविले की नियम सोडू नये. कोणी न दिसणारा कण ती रक्कम उचलून जात असला पाहिजे. त्याला पुढे न्यूट्रिनो म्हणू लागले. तो पकडण्यास १९५६ साल उजाडले, तेही अमेरिकेतील अणुभट्टीजवळ. विश्वकिरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो निर्माण होतात, ते मात्र अजून कोणी पाहिले नव्हते.

विश्वकिरणांचा अभ्यास बंगळूरला युद्धकाळापासून चालू होता. १९३९ साली सुटीवर मायदेशी आलेले होमी भाभा युद्धामुळे येथेच राहिले आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी या विषयाचा विभाग उभारला; तरुण विक्रम साराभाईही त्या काळी येथेच विश्वकिरण मोजीत होते. आज मुंबईची म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो ती टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगळूरला जन्मली आणि वर्ष संपता संपता मुंबईस गेली. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणे उतरविली. कल्पना अशी की, वरचा खडक ही गाळणी समजावी. इतर सर्व कण तीत अडकतील आणि न्यूट्रिनो तेवढा पार जाईल. सुमारे २,३०० मीटर खोलीवर जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनोची खूण मिळाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही ती मिळाली. जगातील ही पहिली दोन ठिकाणे. खाण २००१ साली बंद झाली आणि त्या खोलीवर आता पाणी भरले आहे.

कोलारचे सोने १८०२ साली सरकारच्या नजरेस आणून देणारा अधिकारी म्हणजे दोन वर्षांनी बंगळूरची आधाररेषा मोजणारा तोच जॉन वॉरन. खाणीला वीज मिळाली कावेरीच्या पाण्याची. त्या वीजघरामागे जो ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम होता, त्याच नियमाची हरवलेली रक्कम त्या खाणीच्या तळाशी मोजली गेली. पुस्तकात ही प्रकरणे निरनिराळ्या पानांवर असतात. येथे ती एकमेकांच्या हातात हात घालून उभी आहेत.

मुलांनी इंग्रजीतून शिकावे, कन्नडही शिकावे. ज्या प्रांताचे अन्न खातो त्याची भाषा न येणे हे भूषण नव्हे. पण पदार्थविज्ञान घरात मराठीतून बोलता येत नाही, अशी स्थिति आली, तर मराठी ही सणावारांची आणि स्वयंपाकघराची भाषा होऊन बसेल, आणि मुले विचार करावयाचा असेल तेव्हा दुसऱ्या भाषेत निघून जातील. केरूनानांच्या पिढीने शब्द घडविण्याचे कष्ट उपसले, ते या दिवसासाठी खास नव्हेत. आपल्याला शब्द घडवावयाचे नाहीत, फक्त वापरावयाचे आहेत. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एखाद्या रविवारी लालबाग, एखाद्या सुटीत शिवनसमुद्र, आणि जाता जाता सेंट्रल कॉलेजची इमारत, एवढे मुलांना दाखवावे आणि वरील गोष्टी आपल्या भाषेत सांगाव्या. पुढचे गाव कोणतेही असो, तेथेही पदार्थविज्ञानाचे एखादे प्रकरण वाट पाहत असेलच. ते शोधून काढण्याची सवय या गावी लागली, तर बंगळूरची बदली कारणी लागली असे आम्ही म्हणू.